बंधाऱ्यावर पाणी किती?

जुलै लागला की कोल्हापुरात दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे एकमेकांना एकच विचारतात : बंधाऱ्यावर पाणी किती? बंधारा म्हणजे राजाराम बंधारा, हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. सांगलीत कृष्णेसाठी हेच काम १९२९ सालचा आयर्विन पूल करतो. तिथले आकडे ४० आणि ४५.

पूर इथं नवा नाही. नृसिंहवाडीला नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला धावतात. नदीशी इतकी सलगी असलेला हा मुलूख २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेसावध सापडला, त्याचं एक कारण ही सलगीच होती. ‘२००५ ला पाणी पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर काय येणार?’ या हिशेबावर कित्येकांनी सामान माळ्यावर चढवलं आणि घरातच थांबले. आयर्विन पुलापाशी २००५ ला पाणी ५४ फुटांच्या आत राहिलं होतं, २०१९ ला ते ५७ च्या पुढे गेलं. म्हणजे जिथं पाय भिजले होते तिथं कमरेवर पाणी. मग रस्ते संपले, बोटी आल्या, आणि ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली.

त्यामुळे पालिका आणि ग्रामपंचायती दर पावसाळ्यात जी सूचनापत्रकं काढतात, त्यातली ‘वेळीच स्थलांतर करा’ ही ओळ सर्वांत मोलाची. पण ‘वेळीच’ म्हणजे कधी? आकडा बंधाऱ्यावरचा असतो आणि पाणी आपल्या दारात येतं. सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागात ते शहरात सर्वांत आधी शिरतं, कोल्हापुरात सुतारवाड्यात. तिथल्या बायाबापड्यांना आपल्या गल्लीचा आकडा तोंडपाठ असतो. इतरांनीही तो मे महिन्यातच जुन्याजाणत्यांना विचारून भिंतीवर लिहून ठेवावा : किती फुटांना आपला रस्ता बंद होतो आणि किती फुटांना उंबरा ओलांडला जातो. बाहेर पडायचं ते पहिल्या आकड्याच्या आधी. नेमकी पातळी कळायला जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या धरणाच्या व्हिडिओंपेक्षा तो केव्हाही बरा.

पत्रकातली दुसरी ओळ ‘आवश्यक औषधे सोबत ठेवा’. वाचायला सोपी, पाळायला महाकठीण. छावणीत चादरी आणि बिस्किटं मिळतात, पण तुमची रक्तदाबाची नेमकी गोळी मिळेलच असं नाही. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. दूध, पेट्रोल अडलं तिथं औषधाच्या खोक्यांचं काय? शेवटची गोळी संपल्यावर दुकानात जायची आपली सवय पावसाळ्यात तरी मोडायला हवी. पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये, एवढं पुरे. इन्सुलिन घेणाऱ्यांना फ्रीज बंद पडण्याची धास्ती असते. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, ऊन आणि उकाड्यापासून जपली म्हणजे झालं. उलट बर्फात खुपसून गोठवलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

पाण्याची गोष्ट अशीच उलटी. चहूकडे पूर आणि नळ कोरडे, हे कोल्हापूरनं पाहिलं, कारण शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रंच पाण्यात होती. खेड्यात विहिरीत गढूळ पाणी उतरतं. तिथं कामाला येतो तो ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. पाण्यात टीसीएल पावडर टाकायची आणि ओटी टेस्टनं क्लोरीन उरलाय का ते बघायचं, हे त्याचं बारमाही काम. ही पावडर ओल धरली, जुनी झाली की तिचा दम जातो; मग पोतं रिकामं होतं आणि पाणी होतं तसंच राहतं. पूर ओसरल्यावर कुणाच्या गावात जुलाबाची साथ येणार, हे बरंचसं या कोठीतल्या पोत्यावर ठरतं. ग्रामसभेत रस्त्याच्या मुरमावर तासभर भांडणाऱ्यांनी कधीतरी पावडर केव्हाची आहे, हेही विचारावं.

पाणी इंचाइंचानं उतरतं आणि लोक चिखल उपसायला अनवाणी उतरतात. उंदरांच्या, गुराढोरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. म्हणून गमबूट घालायचे, आणि जखम घेऊन पाण्यात फिरलेल्यांनी ताप यायची वाट न बघता, तीन दिवसांच्या आत आरोग्य केंद्रात दाखवायचं. प्रतिबंधक गोळी कुणाला द्यायची, हे डॉक्टर ठरवतात; गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

मागोमाग डेंगी येतो, तो मात्र पुराच्या गढूळ पाण्यातून नव्हे. नळ बंद म्हणून टँकरचं स्वच्छ पाणी आपण पिंपं भरभरून साठवतो आणि एडिस डासाला तेच लागतं. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस आठवड्याला एक. नुसतं पिंप उपडं करून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. काथ्यानं कडा घासायच्या, पिंप उन्हात वाळवायचं, आणि पाणी भरल्यावर तोंडाला जुनं धोतर घट्ट बांधायचं.