पाहणारा डोळा, विसरणारे कार्ड

परभणीत घराला कुलूप लावून दिवाळीसाठी जिंतूर-गंगाखेडकडे निघणारी मंडळी हल्ली कॅमेऱ्याच्या भरवशावर निर्धास्त असतात. पण कॅमेऱ्याचे पाहणे निराळे, लक्षात ठेवणे निराळे. आमच्या शेजारी चोरी झाली. मोबाईलवर अंगण रोज स्वच्छ दिसत होते, कार्डावर मात्र महिनाभराचे काहीच नव्हते! जुने पुसून नवे लिहिणे हा कार्डाचा नित्यक्रम. त्यात ते झिजतेच. लिहिता लिहिता वीज गेली तर नोंदही बिघडते, आणि आमच्याकडे वीज जाण्याला काळवेळ नाही. तेव्हा निघण्यापूर्वी कालचे चित्रण उघडून पाहावे. न उघडल्यास, वाचेल ते उतरवून घेऊन कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. पुन्हा तेच घडले, तर सतत लिहिण्यासाठीच बनवलेले ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड आणावे, तेही ओळखीच्या दुकानातून. नकली कार्डावर १२८ जीबी छापलेले असते. आत पुष्कळदा निम्मेही नसते.