६१७४ : देवळालीच्या शिक्षकाने शोधलेली संख्या

चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी व चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या तयार करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. अधिकात अधिक सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या येते आणि पुढे तीच येत राहते. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले असता ६१७४ च उरतात. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे १९६० हे वर्ष घेतल्यास ९४४१, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४ अशी उत्तरे येतात. म्हणजे सातही पायऱ्या लागतात.

हा गुणधर्म दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी शोधला. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. मात्र अशा कामाकडे विद्वानांच्या वर्तुळात बहुधा करमणूक म्हणूनच पाहिले जाई. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

ही केवळ गंमत नव्हे, हे थोड्या बीजगणिताने स्पष्ट होते. उतरत्या क्रमातील अंक क, ख, ग, घ मानल्यास वजाबाकीचे उत्तर ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) इतके येते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही. त्यामुळे हजारो संख्यांना पहिल्याच वजाबाकीनंतर अवघी ५४ उत्तरे संभवतात. तेवढी तपासली की सिद्धता पूर्ण होते, आणि ती कोणत्याही शाळेतील वर्गास फळ्यावर करता येण्याजोगी आहे. शून्य मात्र गाळू नये : ३०८७ पासून ०३७८, तर २१११ मधून १११२ वजा केल्यावर ०९९९ असेच लिहावे.

६१७४ च्या अंकांची बेरीज १८ असून १८ ने भागल्यास ३४३, म्हणजे ७ चा घन, मिळतो. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिले. शिवाय १८, त्याचा वर्ग ३२४ व घन ५८३२ यांची बेरीज ६१७४ च होते.

तीन अंकी संख्यांसाठी असे स्थान ४९५ चे आहे. दोन अंकी संख्या मात्र कोठेच स्थिरावत नाहीत. ०९, ८१, ६३, २७, ४५ अशा फेऱ्यात त्या फिरत राहतात. पाच अंकी संख्यांचेही तसेच आहे. त्यांचे तीन निरनिराळे फेरे आढळतात.