दोन चिठ्ठ्या आणि लपलेला रोज

दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणे आली की आपली मुले वही मिटतात. “हे आपल्याला कुठे लागणार?” हा प्रश्न तळ्यातल्या अभ्यासवर्गात आम्ही दरवर्षी ऐकतो. पालकांचेही तेच म्हणणे असते. अशा वेळी आम्ही फळ्यावर परीक्षेतले उदाहरण न मांडता घामाच्या पैशाचा हिशेब मांडतो. वाचक बंधू-भगिनींनीही पेन हाती घेऊन तो सोडवावा.

समजा, भातलावणीला टोळी गेली. मुकादम पैसे एकत्र देतो आणि चिठ्ठीवर फक्त बेरीज लिहितो. सोमवारी ३ पुरुष व २ बायका कामावर होत्या, २१०० रुपये मिळाले. मंगळवारी २ पुरुष व ४ बायका होत्या, २२०० रुपये मिळाले. काम दोन्ही दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सर्वांचे सारखेच. मग कुणाला किती रोज धरला?

नुसत्या सोमवारच्या चिठ्ठीवरून हे कळणार नाही. “पाचही जणांना ४२० प्रमाणे दिले,” असे मुकादम म्हणाला, तर बेरीज बरोबर २१०० येते. पण त्याच दराने मंगळवारी सहा जणांचे २५२० व्हायला हवे होते. मिळाले २२००. म्हणजे कुठेतरी पाणी मुरते आहे. दोन अज्ञात गोष्टी शोधायच्या तर दोन वेगवेगळ्या नोंदी लागतात, त्या अशा.

पुरुषाचा रोज ‘प’ आणि बाईचा रोज ‘ब’ धरू.

३प + २ब = २१००
२प + ४ब = २२००

दुसऱ्या ओळीची निमपट केली की प + २ब = ११००. म्हणून प = ११०० − २ब. आता पहिल्या ओळीत जिथे ‘प’ आहे, तिथे ही किंमत ठेवायची.

३(११०० − २ब) + २ब = २१००
३३०० − ६ब + २ब = २१००
४ब = १२००
ब = ३००

म्हणून प = ११०० − ६०० = ५००. ताळा पाहा: १५०० + ६०० = २१००, आणि १००० + १२०० = २२००. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या, आणि बाईच्या रोजातले २०० रुपये कमी धरल्याचे उघड झाले!

मुले दोन ठिकाणी अडखळतात. पहिले, कंस सोडवताना. ३ ने फक्त ११०० ला गुणून भागत नाही, २ब लाही गुणावे लागते. दुसरे, ज्या ओळीतून किंमत काढली त्याच ओळीत ती परत ठेवली, तर ११०० = ११०० एवढेच हाती येते. किंमत नेहमी दुसऱ्या ओळीत ठेवावी.

ही विद्या परकी नाही. इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात बाजारचे उदाहरण आहे. ९ महाळुंगे व ७ कवठे यांची किंमत १०७, तर ७ महाळुंगे व ९ कवठे यांची किंमत १०१, एकेकाची किती? दोन्हींची बेरीज करा. १६ महाळुंगे व १६ कवठे २०८ ला, म्हणजे एक जोडी १३ ला. आता कवठाच्या जागी ‘१३ वजा महाळुंग’ ठेवा. महाळुंग ८ ला आणि कवठ ५ ला येते. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनीही अज्ञात संख्यांना ‘या’, ‘का’, ‘नी’ अशी अक्षरे दिली.

राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात बीजगणिताचा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आहे. तो सोडून देऊ नका. स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन, हे धोरण आपल्या संविधानाच्या ३९ व्या कलमात लिहिलेले आहे. समान वेतनाचा कायदाही १९७६ मध्ये झाला. पण चिठ्ठीतली तफावत दिसली, तरच तो हक्क मागता येतो.

मातांनो, भगिनींनो, रोजची हजेरी आणि मिळालेली रक्कम वहीत लिहून ठेवा. संध्याकाळी ती वही मुलीपुढे ठेवा आणि तिलाच हिशेब सोडवायला सांगा. तिचा धडा पक्का होईल आणि तुमचा रोजही.