कारागृहातील मनोविकार : एक दुर्लक्षित दुखणे

आटपाडीजवळील स्वतंत्रपूर वसाहत आपल्या भागातील वाचकांस नवीन नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने १९३९ साली ती स्थापन केली. तटबंदी नाही, बेड्या नाहीत. बंदिवानाने शेती करावी व कुटुंबासह राहावे, अशी ती योजना. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागील प्रेरणा हीच. परंतु तेथे प्रवेश मिळतो तो निवडक, सद्वर्तनी बंद्यांनाच. बहुसंख्य बंदी भिंतींच्या आतच राहतात, आणि त्यांच्या मनःस्वास्थ्याची चौकशी क्वचितच होते.

बेंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात निम्हान्स संस्थेने ५०२४ बंद्यांची तपासणी केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार सुमारे ८० टक्के बंद्यांत मनोविकार वा व्यसनाधीनता आढळली. आकडा दचकविणारा आहे खरा; पण व्यसनाधीनता वगळता तो सुमारे २८ टक्क्यांवर येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमधील प्रमाण सुमारे १०.६ टक्के होते. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने काटेकोर तुलना करू नये, तरी तफावत नजरेआड करण्याजोगी नाही. २४ देशांतील सर्वेक्षणांच्या २०१२ च्या आढाव्यात तीव्र नैराश्याचे प्रमाण पुरुष बंद्यांत सुमारे १० व स्त्री बंद्यांत १४ टक्के आढळले.

कारागृहामुळे आजार होतो की आजारामुळे माणूस कारागृहात पोहोचतो? उत्तर दोन्हीकडे आहे. एकांत, निद्रानाश, खटल्याची अनिश्चितता व घरची काळजी मनास पोखरतात. आपल्या देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी तर अद्याप दोषी ठरलेलेच नाहीत. दुसरीकडे, उपचाराविना राहिलेला आजार वा दारू हीच पुष्कळदा गुन्ह्याची पार्श्वभूमी असते.

एक गोष्ट येथे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. रोज दारू पिणारा मनुष्य अटकेत गेला की ती एकाएकी सुटते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते, तो बरळू लागतो. पाहणाऱ्यास हे सोंग किंवा वेड वाटते. वस्तुतः ही जिवावर बेतणारी, परंतु उपचाराने आटोक्यात येणारी अवस्था आहे. अशा वेळी मार देणे हा निव्वळ अडाणीपणा होय.

बंदिवानांच्या आप्तांस संकोच वाटतो. ‘आधीच अब्रू गेली, त्यात वेडाचा शिक्का नको’ म्हणून ते पूर्वीचे उपचार लपवितात. आमची त्यांना कळकळीची विनंती आहे की, जुने कागद व औषधांची चिठ्ठी कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पहिल्याच भेटीत पोहोचवावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये मनोरुग्ण बंद्यास उपचार मिळण्याची तरतूद आहे. कोठडीतील व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकीलही मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

सुटकेच्या दिवशी चालू औषधे व उपचाराची चिठ्ठी मागून घ्यावी आणि त्याच आठवड्यात रुग्णास तपासणीस आणावे. घरी आला म्हणजे बरा झाला, या समजुतीने औषधे बंद पडतात, आणि आजार बहुधा याच काळात उलटतो.