लेखांक सातवा : ‘शेन’ आणि इजाऱ्याची जमीन

ज्याला आपण ‘वेस्टर्न’ म्हणतो त्या चित्रपटप्रकाराची सारी शोभा घोडे, पिस्तुले आणि धुरळा यांतच सामावलेली आहे, असा आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांचा ग्रह असतो. परंतु जॉर्ज स्टीव्हन्स यांनी दिग्दर्शित केलेला 1953 चा ‘शेन’ स्वस्थचित्ताने पाहिला, तर त्यातील खरा तंटा पिस्तुलाचा नसून जमिनीचा आहे हे ध्यानी आल्यावाचून राहत नाही. आणि जमिनीच्या तंट्याचे मर्म यवतमाळ जिल्ह्यातील वाचकाला वेगळे समजावून सांगावयास नको.

वायोमिंगच्या एका खोऱ्यात जो स्टारेट व त्याच्यासारखी काही गरीब कुटुंबे वस्ती करून आहेत. त्या मोकळ्या कुरणांवर आजवर गुरे चारीत आलेला रायकर त्यांना हुसकावू पाहतो. आणि आपला भूतकाळ मागे टाकू इच्छिणारा शेन नावाचा पिस्तुलबाज स्टारेटच्या घरी गडी म्हणून राहतो. कथानक एवढेच. अशा कुटुंबांची वस्ती ज्याच्या आधारे झाली त्या 1862 च्या होमस्टेड कायद्यान्वये, जो पाच वर्षे राहून जमीन कसेल त्यास 160 एकर नाममात्र शुल्कात देण्याचे अमेरिकी सरकारने ठरविले, त्यानंतर तीनच वर्षांनी, 1865 मध्ये, वऱ्हाडातील इंग्रजी अंमलाने पडित जमिनींचे नियम काढून, तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि 1905 मध्ये यवतमाळ हे नाव पावलेल्या या मुलखातील ओसाड गावे दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने देण्यास प्रारंभ केला. आपल्या कित्येक गावांच्या नावाला चिकटलेला ‘इजारा’ हा शब्द त्याच व्यवहाराची खूण होय. भेद मात्र लहान नाही: तिकडे जमीन कसणाऱ्याच्याच नावे होत होती, इकडे अख्खे गाव इजारदाराच्या नावे होई, आणि रान तोडून वाहिती करणारा त्याचे कूळ ठरे.

म्हणूनच स्टारेटच्या अंगणातील तो जुनाट खुंट उपटण्याचा प्रसंग मला साऱ्या चित्रपटाचे हृदय वाटतो. दोन वर्षे जो हलला नाही त्या खुंटाशी स्टारेट आणि शेन घामाघूम होऊन झगडतात, जनावरे जोडण्याची सूचना स्टारेट नाकारतो, आणि अखेर अंगबळानेच तो उलथला जातो. कष्टाने मिळविलेल्या मालकीचा याहून नितळ आविष्कार पडद्यावर क्वचितच झाला असेल.

गोळी येथे फार थोड्या वेळा सुटते. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या चित्रण-पथकाबरोबर असलेल्या आणि डाखाऊच्या छळछावणीचे चित्रण केलेल्या स्टीव्हन्स यांना पडद्यावरील मृत्यू हलका वाटू द्यावयाचा नव्हता. त्यामुळे स्टारेटसारखाच तेथे वस्ती केलेला टोरी चिखलात उभा असता गोळी लागताच मागे फेकला जातो (त्यासाठी नटाला तारेने ओढले होते) तेव्हा प्रेक्षक दचकतो, टाळी वाजवीत नाही. पुढील अनेक वेस्टर्न चित्रपटांना हा संयम पेलला नाही. टीटन पर्वतांच्या पायथ्याशी लॉयल ग्रिग्ज यांनी केलेल्या रंगीत छायाचित्रणाला ऑस्कर मिळाले, ते सर्वस्वी यथोचित होते.

एक उणीव सांगितलीच पाहिजे. हा मुलूख आपण रक्त सांडून वसविला, असा दावा रायकर करतो, तेव्हा तुमच्याही आधी येथे शिकारी आणि व्यापारी होते, असे उत्तर स्टारेट देतो. पण ज्यांची ती भूमी मुळात होती ते आदिवासी या वादात केवळ शत्रू म्हणून उल्लेखिले जातात आणि पडद्यावर त्यांना बोलण्याचा अधिकार मिळत नाही. आपल्याकडील इजाऱ्यांचा इतिहास सांगतानाही केळापूर आणि वणी भागातील कोलाम व गोंड यांची आठवण कितीदा राहते, याचा विचार वाचकांनी स्वतःच करावा.

पुढील लेखांकात 1952 च्या ‘हाय नून’चा परामर्श घेऊ, त्यात मार्शल आहे, कायदा आहे, पण गाव त्यांच्या पाठीशी उभे राहत नाही.