श्वासाला व्यायामाची साथ

अंधेरी स्थानकाचा पादचारी पूल श्रमिकांच्या श्वसनशक्तीची रोज परीक्षा घेत असतो. मरोळची औद्योगिक वसाहत, साकीनाक्याचे लहान कारखाने आणि ठिकठिकाणची बांधकामे येथे कामाला जाणारे असंख्य लोक हा जिना चढतात. कोणी एका दमात वर पोहोचतो, तर कोणी मध्येच कठडा धरून थांबतो. थांबणारे सारेच वृद्ध असतात असे नाही. दमा, जुना खोकला, पूर्वी होऊन गेलेला क्षय अथवा वर्षानुवर्षे छातीत गेलेली धूळ ही त्यामागील कारणे असू शकतात. औषधे घेऊनही धाप उरली की, ‘आता हे असेच चालायचे’ असे मानून रुग्ण हालचाल कमी करतो आणि तेथेच खरी हानी सुरू होते.

उपचाराचे स्वरूप

भौतिकोपचार म्हणजे केवळ गुडघे व पाठ यांचे व्यायाम, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः श्वसनाचा भौतिकोपचार ही त्याची एक महत्त्वाची शाखा होय. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. साचलेला कफ बाहेर काढणे, श्वासपटलाचा योग्य वापर शिकविणे आणि हातापायांच्या स्नायूंची ताकद वाढविणे ही या शाखेची तीन मुख्य कामे आहेत. निकामी झालेला फुप्फुसाचा भाग व्यायामाने पूर्ववत होत नाही. परंतु सुदृढ स्नायूंना त्याच कामासाठी कमी प्राणवायू लागतो व धाप कमी होते.

बालवय

नवजात अर्भक मिनिटाला साधारणतः ३० ते ६० वेळा श्वास घेते. त्याच्या श्वासनलिका अरुंद असल्याने थोडा कफही अडथळा ठरतो. तथापि प्रत्येक सर्दी-खोकल्यात छाती थोपटणे हितावह नाही. तान्ह्या मुलाला डोके खाली करून धरणे धोक्याचे ठरू शकते. स्नायूंच्या दुबळेपणामुळे ज्यांना नीट खोकता येत नाही अशा बालकांना मात्र या उपचाराचा मोठा आधार असतो. थोड्या मोठ्या मुलांना फुगे वा बुडबुडे यांच्या खेळांतून दीर्घ उच्छ्वास शिकविता येतो. दमा असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी खेळापासून कायमचे दूर ठेवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला सहभागी करून घ्यावे.

कर्ते वय

दगड फोडणे, लादी कापणे या कामांतील सिलिकाची धूळ फुप्फुसांवर कायमचे व्रण पाडते. येथे पाणी मारून धूळ दाबणे व योग्य मुखाच्छादन वापरणे हाच पहिला उपाय, व्यायाम त्यानंतरचा. पोटाच्या वा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे रुग्ण उथळ श्वास घेतो व कफ साचतो. अशा वेळी दीर्घ श्वसन, उशीने टाक्यांना आधार देऊन खोकणे आणि लवकर चालू लागणे उपयुक्त ठरते. २०२० साली मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात महापालिकेने कोविड रुग्णांवर उपचार सुरू केले. त्या साथीत पालथे झोपण्याचे आणि श्वसनाच्या व्यायामाचे महत्त्व घरोघरी पोहोचले.

उतारवय

वयाबरोबर बरगड्यांची लवचीकता कमी होते. अशा रुग्णांना नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडण्यास शिकवितात. त्यामुळे श्वासनलिका अधिक काळ उघड्या राहतात. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो हे मोजून व्यायामाचे प्रमाण ठरविले जाते. असा कार्यक्रम साधारणतः ६ ते १२ आठवडे चालतो. पुढे घरी नियमित चालणे आवश्यक असते.

दक्षता आणि सहकार्य

थुंकीतून रक्त पडणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास प्रथम क्षयाची तपासणी करून घ्यावी. व्यायाम हा औषधांना पर्याय नव्हे.

जी गोष्ट अंधेरीच्या जिन्याची, तीच गावातील पाणवठ्याच्या चढणीची आणि चुलीच्या धुरात बसणाऱ्या गृहिणीची आहे. क्षयाचे औषध पूर्ण करूनही ज्यांची धाप गेलेली नाही अशा व्यक्ती पंचायत सदस्यांच्या परिचयाच्या असतात. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागाकडे पाठविण्यासाठी पुढाकार घेतला, तर आज घरी बसलेले अनेक हात पुन्हा कामाला लागू शकतील.