खेळण्यातला साहेब आणि दारातला साहेब

अलिबागच्या किनाऱ्यावर भेळेच्या गाड्यांशेजारी खेळण्यांची दुकाने लागतात. फुगे, पतंग, प्लॅस्टिकचे पिस्तूल, बेड्या. त्यातच एक काळे पाकीट मिळते. उघडले की आत ओळखपत्र! फोटोची जागा मोकळी आणि वर मोठ्या अक्षरांत ‘सीआयडी’. माझ्या भाच्याने हट्ट करून ते घेतले. घरी येताच त्याने पाकीट फटकन उघडले, फटकन मिटले आणि ओरडला, ‘आम्ही सीआयडीवाले!’ सगळे हसले. माझी मावशी मात्र उठून आत गेली.

मावशीचे दुःख आम्हाला ठाऊक होते. एकदा ती एसटीच्या थांब्यावर एकटीच उभी होती. मोटारसायकलवरून दोघे आले. ‘आम्ही पोलीस आहोत. पुढे चोरी झाली आहे. बांगड्या काढून रुमालात बांधा,’ म्हणाले. त्यांनीच गाठ मारून दिली. घरी येऊन रुमाल सोडला, तर आत खडे! वीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात भात लावून, कापून केलेल्या दोन बांगड्या गेल्या. ‘कार्ड पाहिलेस का गं?’ असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘पाहिले ना. दाखवले आणि लगेच मिटले. टीव्हीत पण असेच दाखवतात.’

मावशीचे म्हणणे खोटे नाही. ‘सीआयडी’ ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली. ऑक्टोबर २०१८ पर्यंत ती घराघरांत पाहिली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम हे आपले मराठी कलावंत. बँकेत नोकरी करून नाटकात काम करणारा हा माणूस लोकांना जवळचा वाटला. पण मालिकेतले पोलीस कार्ड दाखवतात ते क्षणभर, आणि समोरचा माणूस ते न वाचताच बाजूला होतो. दार नाही उघडले तर दया ते तोडतो. वर्षानुवर्षे हे पाहून आपल्याही मनात बसते की, साहेबाला प्रश्न विचारायचा नसतो.

याच भीतीवर तोतयांचे पोट भरते. १९८७ च्या मार्च महिन्यात मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ एका मोठ्या सराफाच्या पेढीवर सीबीआयची धाड पडली. धाड घालणारा मुख्य माणूस तोतया होता. त्याने वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात देऊन तरुण मुले गोळा केली होती. त्या बिचाऱ्यांना वाटले, आपल्याला सरकारी नोकरी लागली. साहेब लाखोंचे दागिने घेऊन निघून गेला आणि मुले दुकानातच पहारा देत राहिली. तो माणूस कधीच सापडला नाही. पुढे २०१३ साली यावर हिंदी चित्रपट निघाला. नोकरीसाठी वणवण करणाऱ्या आपल्या मुलांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

बरे, कार्ड खरे असले म्हणजे माणूस खरा, असेही नाही. १९९३ साली आपल्याच रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटके उतरली. त्या खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातील खरी ओळखपत्रे असलेली माणसेही दोषी ठरली.

मग मुलांनी खेळायचेच नाही का? अवश्य खेळावे. खेळण्यातले कार्ड गळ्यात घालणे हा गुन्हा नाही. पण तेच कार्ड दाखवून एखाद्या मोठ्या मुलाने टोल चुकवला, दुकानदाराला दम दिला, तर तो खेळ राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ प्रमाणे, सरकारी अधिकारी असल्याचे सोंग घेऊन त्या नावाखाली काही कृत्य करणाऱ्यास कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद व दंड आहे. फसवण्याच्या हेतूने तसा पोशाख वा खूण वापरली, तर कलम २०५ आहे. एका थट्टेपायी पोराची पोलीस भरती कायमची हुकू शकते, हे आईबापांनी सांगितले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. साहेबाला प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? बाबासाहेबांनी दिला. अटक होणाऱ्या माणसाच्या संरक्षणासाठी १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी संविधान सभेत एक नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा, हे त्यात आहे. पुढे १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी. आता ते कायद्यातच आले आहे. अपवादात्मक प्रसंग सोडता सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. स्त्रीला नुसत्या साक्षीसाठीही ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यावे.

म्हणून माताभगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. कार्ड हातभर अंतरावर धरायला सांगा आणि सावकाश वाचा. नाव काय, हुद्दा काय, ठाणे कोणते? वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला हाक मारा. शंका आली तर ११२ ला फोन करा. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढून मागत नाही. मोबाईलवर वर्दीतला माणूस कार्ड दाखवून ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, पैसे भरा’ म्हणाला, तर फोन ठेवा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० ला कळवा.

आपल्या वाडवडिलांच्या हाती वेसकराची काठी होती. गावाची राखण त्यांनी करायची, सरकारी माणसाच्या पुढे धावायचे, चोर त्यांनी शोधायचा. पण मान मात्र पाटलाचा. साहेब दिसला की मान खाली घालायची, ही सवय त्या काठीबरोबर आली. काठी गेली, सवय मागे राहिली. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपल्या माणसांनी जी मान वर केली, ती साहेबापुढेही वर राहिली पाहिजे. उद्धटपणे नव्हे, शांतपणे.

आज पहाटे किनाऱ्यावर पोलीस भरतीसाठी मुले सोळाशे मीटर आणि मुली आठशे मीटर धावण्याचा सराव करतात. घामाने मिळवलेले ओळखपत्र तेच. आपली लेक ते गळ्यात घालील, तेव्हा तिने समोरच्या म्हातारीला ते नीट वाचू द्यावे, एवढीच अपेक्षा.

भाच्याच्या पाकिटाचे काय झाले? मावशीने ते मागून घेतले. ‘सीआयडी’चा कागद काढून टाकला आणि त्याच्या जागी त्याच्याकडूनच जाड अक्षरांत ११२ आणि १९३० लिहून घेतले. आता बाजाराला जाताना ते पाकीट तिच्या पिशवीत असते.